झाकणाखालचा माटुंगा

भुतांच्या गोष्टी ऐकायच्या तर कोकणात जावं, असा आमच्या लालबागच्या चाळीतला पक्का समज होता. चाळीतली सगळी भुतं तिकडचीच. गिरणीत चार-चार साचे सांभाळणारी माणसं शिमग्याला गावी जायची आणि परतताना कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एखादा नवा देवचार घेऊन यायची. दिवे गेले की गॅलरीत चटया पडायच्या. मग मुंजा, हडळ, गिऱ्हा, खवीस असे एकेक करून सगळे हजेरी लावून जायचे. मुंबईचं स्वतःचं भूत मात्र कुणी कधी सांगितलं नाही. ‘इथे माणसांना राहायला जागा नाही, भुतं कुठून येणार?’ असं एखादे काका म्हणायचे आणि आम्ही पोरं झोपायला जायचो.

काकांचं हे म्हणणं मला पुढे पटेनासं झालं. मुंबई म्हणजे तरी काय, बेटांवरची गावंच की. गावाला वेस होती, गावदेवी होती, वेशीबाहेर खाजण होतं, ताडाची बनं होती, बिनकठड्याच्या विहिरी होत्या. भुताला संसार थाटायला याहून अधिक काय लागतं? तेव्हा कोकणाची गाडी न धरता मी करी रोडला लोकल पकडली आणि तिसऱ्या स्टेशनावर, माटुंग्याला उतरले.

माटुंगा स्टेशन २०१७ पासून सबंध बायकाच चालवतात. स्टेशनमास्तरणीपासून तिकीट तपासनिसापर्यंत सगळ्या बायका. संध्याकाळच्या गर्दीत बाहेर पडावं तर आधी नाकाशी येतो तो मोगरा. केळीच्या पानावर पाणी शिंपडून ठेवलेले गजरे, त्यांच्या बाजूला अबोली, पलीकडे मरव्याच्या जुड्या. आत्या तिथेच उभी होती, गजरेवालीशी भावावरून हुज्जत घालत. आत्याचे यजमान माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. १९१५ साली जीआयपी रेल्वेने काढलेलं हे वर्कशॉप. त्याच्या भोंग्यावर आत्याचं सगळं आयुष्य बेतलेलं. अजूनही ती घड्याळाकडे न बघता ‘पहिला भोंगा’, ‘दुसरा भोंगा’ असा वेळेचा हिशेब सांगते.

“भुतं बघायला आलीस?” तिने विचारलं. “आधी देवीला जाऊ. गावदेवीला न सांगता गावात फिरू नये.”

हे मात्र खरं. मारूबाई ही माटुंग्याची गावदेवी. किंग्ज सर्कलच्या जवळच तिचं देऊळ आहे, आणि ‘मारूबाई टेकडी गाव’ यावरूनच माटुंगा हे नाव आलं असं तिथली माणसं सांगतात. दुसरा पक्ष हत्तींचा. माहीमला राज्य करणाऱ्या भीमदेव राजाचे, म्हणजे आपल्या बिंबराजाचे हत्ती इथे बांधलेले असत, मातंगांची जागा ती माटुंगा, असं ते म्हणतात. मला देवीचा पक्ष जवळचा वाटतो. हत्ती असतीलही, पण राजा गेला आणि हत्ती गेले. मारूबाई आहे तिथे आहे.

ती तिथे का आहे, हे कळायला मुंबईच्या तापाचा इतिहास माहीत हवा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी मुंबईचा तोफखाना माटुंग्याला आणून ठेवला होता. शहरापासून दूर, मोकळं माळरान, सरावाला भरपूर जागा. कागदावर सगळं चोख. पण सभोवती भातखाचरं, खाजणं आणि साचलेलं पाणी. तोफखान्याला इथे शत्रू कधी भेटला नाही, ताप भेटला. गोरे शिपाई आजारी पडत राहिले आणि शेवटी ती छावणी उठली. ज्यांच्या तोफा नव्हत्या त्या आगरी-कोळी-भंडाऱ्यांना उठून जायची सोय नव्हती. त्यांनी देवीला नारळ दिला आणि ते राहिले. मरीआई, शीतला, मारूबाई या सगळ्या गावाच्या तोंडाशी बसणाऱ्या बायका. रोगाने आत यायचं तर यांना विचारून यायचं.

देवळात त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत कांजीवरम नेसलेल्या एक तमिळ आजी होत्या. गेल्या शतकात माटुंग्यात दक्षिणेकडची मंडळी वस्तीला आली, त्यांच्याकडे मारिअम्मा असतेच. नवीन गावात आल्यावर ओळखीची बाई भेटावी तसं झालं असणार. आत्या त्यांना नावानिशी ओळखत होती. दोघी मिळून मला तीर्थ कसं घ्यायचं ते शिकवू लागल्या, जसं काही मी लंडनहून आले होते.

देवळातून बाहेर पडल्यावर मी मुद्द्यावर आले. आत्या, इथे विहिरी किती होत्या?

“पुष्कळ. आता झाकणं आहेत. चल, दाखवते.”

एका जुन्या तीनमजली इमारतीच्या मागच्या अंगणात तिने मला नेलं. जमिनीपासून दोन हात उंच गोल कट्टा, त्यावर लोखंडी पत्र्याचं जाड झाकण, आणि त्या झाकणात मधोमध बिजागरीवर उघडणारी एक चौकोनी झडप. झडपेला बारीक जाळी. हिरव्या रंगाचे थर इतके चढलेले की बिजागरी आता उघडत असेल असं वाटत नाही. जाळीच्या भोकात उदबत्तीची काडी खोचलेली, कट्ट्यावर झेंडूचं एक ताजं फूल. खालून पंपाची नळी गेली होती. पिण्याचं नाही, पण गाड्या धुवायला, झाडांना हे पाणी अजून चालतं.

ती चौकोनी झडप बघून मला फार आनंद झाला, कारण तिची हकीकत मी वाचली होती. मुंबई महापालिकेचे चिटणीस रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी १९१८ साली विहिरींच्या लोककथांवर इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं. पालिकेचा चिटणीस आणि विहिरीतली भुतं, हा योग जुळला कसा? तर मलेरियामुळे. डॉक्टर बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी केली आणि १९११ च्या अहवालात बोट ठेवलं ते विहिरींवर. हिवतापाचे डास खाजणातच वाढतात असा समज होता. प्रत्यक्षात ते लोकांच्या अंगणातल्या स्वच्छ, थंड विहिरींत मजेत वाढत होते. पालिकेने नोटिसा काढल्या: विहीर बुजवा, नाहीतर झाका.

आणि मग अर्जांचा पाऊस पडला. विहिरीत पुरुष राहतो, सती राहते, पीर राहतो. झाकलं तर कोपेल. अमक्याने बुजवली आणि त्याच्या घरात मृत्यू झाला. पारशी मंडळींची अडचण वेगळी, धर्मकार्याचं पाणी सूर्यकिरणांना उघडं असलं पाहिजे. मसानींच्या टेबलावरून हे सगळं जात होतं. त्यांच्या जागी दुसरा अंमलदार असता तर त्याने ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून फायली बंद केल्या असत्या. मसानींनी त्या गोष्टी जमवल्या. आणि पालिकेनेही तोडगा काढला तो अस्सल मुंबईचा: झाकण घाला, पण झाकणात जाळीची झडप ठेवा. डासाने बाहेर पडायचं नाही. देवाचं, पुरुषाचं जाणं-येणं आणि पूजा चालू राहील. भुतासाठी खिडकी ठेवणारी महापालिका जगात दुसरी असेल का, कोण जाणे.

त्याच सुमाराला, १९१५ साली, कोकणच्या लोकसमजुतींवर एक जाड खंड निघाला. संपादक एन्थोव्हेन, पण सामग्री जमवलेली जॅक्सनने. तोच जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरेंनी ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आला असताना गोळी घातली. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवल्या होत्या आणि मास्तरांनी इमानेइतबारे भुतांची जंत्री लिहून पाठवली. ती वाचताना हसू येतं आणि मग थांबतं. जिवंतपणी असलेली जात मेल्यावरही सुटलेली नाही. मुंज झालेला ब्राह्मणाचा मुलगा गेला तर मुंजा, मुसलमान गेला तर खवीस, कोळी-खारवी गेला तर झोटिंग. बाळंतपणात गेलेली बाई अलवंत. बाईचं भूत व्हायला तिने काही वेडंवाकडं करावं लागत नाही, नुसतं बाळंत होताना मरायचं. त्या काळी किती बायका तशा मरत असतील याचा हिशेब त्या यादीत बसलेला आहे.

आत्याचा या जंत्रीवर विश्वास आहे की नाही हे मला कधीच नीट कळलेलं नाही. अमावस्येला ती उंबऱ्यावर लिंबू ठेवते. उतारा टाकायला मात्र माटुंग्यात जागाच नाही अशी तिची तक्रार आहे. “उतारा तिठ्यावर टाकायचा. इथे सगळं गोल! कुठल्या वाटेने कोण गेलं, भुतालाही कळत नाही.”

या गोलाचं खापर फोडायचं तर प्लेगवर फोडावं लागेल. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती फोडून शहर मोकळं करायला १८९८ साली सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि ट्रस्टची नजर दादर-माटुंग्याच्या शेतांवर गेली. मुंबईत असं आधी नकाशा काढून वसवलेलं नगर तोवर नव्हतं. रुंद रस्ते, बेताच्या उंचीच्या इमारती, प्रत्येक घराला चारी बाजूंनी हवा, मधे बागा. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, पाच बागा हे सगळं त्यातलंच. किंग्ज सर्कल, आजचं महेश्वरी उद्यान, तेही. भातखाचरं भरली गेली, ताड तोडले गेले, गटारं बांधली. माटुंगा गावाचं भूत म्हणून जे काही असेल ते त्या भरावाखाली गेलं. माझं मत विचाराल तर मुंबईतली भुतं कुण्या बुद्धिवाद्याने घालवली नाहीत. पालिकेच्या खात्यांनी ती आपसांत वाटून घेतली. पाण्यातला गिऱ्हा हिवताप खात्याकडे गेला, देवीचा कोप आरोग्य खात्याकडे आणि खाजणातले दिवे ड्रेनेजकडे.

हे खाजणातले दिवे सांगायलाच हवेत. आत्याच्या सासूबाईंनी तिला सांगितलेली गोष्ट अशी: वडाळ्याच्या मिठागरांकडे काळोख्या रात्री कोलती घेतलेला कुणी चालताना दिसे. जवळ जावं तर तो लांब जाई. मागे लागलेला माणूस चिखलात रुतून सकाळी सापडे. याला कोकणात चकवा म्हणतात. दलदलीत कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून वायू निघतो, त्याकडे जाणकार बोट दाखवतात. सासूबाईंना वायूशी कर्तव्य नव्हतं. त्या सुनेला एवढंच सांगत, की दिवा दिसला तर थांब, मागे जाऊ नकोस.

पाच बागांमधून, व्हीजेटीआयच्या कुंपणाला वळसा घालून (ही संस्था १८८७ ची, माटुंग्याला आली ती १९२३ मध्ये) आम्ही वडाळ्याकडे चालत निघालो. आत्याला गुडघे आहेत, त्यामुळे दर बागेत एक बाक. ॲकवर्थ रुग्णालयाच्या फाटकाशी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. ॲकवर्थ म्हणजे कुष्ठरोग्यांचं रुग्णालय. १८९० साली ते निघालं तेव्हा त्याचं नाव बेघर कुष्ठरोग्यांचा आश्रम असं होतं आणि पत्ता माटुंग्याचा. तोफखाना जिथून पळाला त्या हवेत शहराने आपले रस्त्यावरचे रोगी आणून ठेवले.

हा आश्रम उभा करणारा हॅरी ॲकवर्थ मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर होता. मराठी माणसाने त्याला ओळखायला हवं ते दुसऱ्याच कारणाने. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने त्याने गोंधळ्यांच्या, शाहिरांच्या तोंडचे पोवाडे जमवले आणि १८९१ साली ते छापले. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा, तुलसीदासाचा तानाजीचा पोवाडा त्यात आहेत. पुढे काहींचं इंग्रजी भाषांतरही त्याने केलं. दिवसा महारोग्यांच्या जागेसाठी वर्गणी आणि संध्याकाळी सिंहगडाचा पोवाडा, असा हा गृहस्थ. पोवाड्याचं आणि माटुंग्याचं नातं तिथेच संपत नाही. अर्ध्या शतकाने रेल्वेलाइनच्या पलीकडे, माटुंगा लेबर कॅम्पात, अण्णाभाऊ साठ्यांची शाहिरी उभी राहिली. पण तो वेगळा लेख.

आश्रमात एक नवल घडलं. तिथल्या मैल्याच्या टाक्यांवर १८९७ च्या सुमारास वायू गोळा करायची सोय केली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवलं गेलं. बायोगॅसचं जगातल्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. परदेशी पाठ्यपुस्तकांत याचं साल १८५९ असं छापत आलेत आणि एकमेकांचं बघून अजून छापतात. १८५९ साली आश्रम नव्हताच, टाक्या कुठून असणार? पुस्तकांतून फिरणारं हे एक निराळंच भूत, आणि त्याला कुणी झाकण घातलेलं नाही. मला मजा वाटते ती वेगळ्या गोष्टीची. मिठागरांकडे कोलती घेऊन फिरणारा आणि आश्रमाचं इंजिन फिरवणारा, वायू जवळपास एकाच कुळातला. पहिल्याला गाव भ्यायलं. दुसऱ्याने कामं केली.

“आम्ही या रस्त्याने यायचो नाही,” फाटकापाशी आत्या म्हणाली. मी विचारलं, भुतांमुळे?

“भुतांना कोण भितं? इथल्या माणसांमुळे. बस इथून गेली की खिडक्या लावायचे लोक. मीसुद्धा लावायचे. यांच्या वर्कशॉपातल्या एकाला हा रोग झाला, तर त्याने घर सोडलं. बायकोने नाही हो सोडायला लावलं, चाळीने.”

मी तिला सांगितलं की कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं. त्या वर्षी दुरुस्ती झाली. औषधाने रोग पूर्ण बरा व्हायला लागून तोवर कित्येक वर्षं लोटली होती. आत्या काही बोलली नाही, पर्समधून रुमाल काढून घाम पुसला. मग तिने मला आपल्या गल्लीच्या पाटीची आठवण करून दिली. ती राहते भाऊ दाजी रोडच्या बाजूला. भाऊ दाजी लाड म्हणजे मुंबईचे थोर डॉक्टर आणि संशोधक. कुष्ठरोगावर वनस्पतीचं तेल वापरून उपचार करत, आणि रोग्यांना गुण येतो अशी त्यांची ख्याती होती. १८७४ मध्ये ते गेले तेव्हा ते काम अर्धंच राहिलं. माटुंग्यात तेलंग, भांडारकर, भाऊ दाजी अशा पंडितांच्या नावांचे रस्ते आहेत. त्यातला एकच रस्ता या फाटकाशी खरं नातं सांगतो.

माहीमला मी वेगळ्या संध्याकाळी गेले, आत्याच्या गुडघ्यांना सुट्टी देऊन. माटुंगा पूर्वेकडून झेड पुलाने रूळ ओलांडायचे, माटुंगा रोड मागे टाकायचं आणि लेडी जमशेटजी रस्त्याला लागायचं. वाटेत शीतलादेवी. तिचं खातं देवीच्या रोगाचं. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं, पण मंगळवारी रांग आहे तेवढीच आहे. पुढे मखदूम अली माहिमींचा दर्गा. डिसेंबरातल्या उरुसात पहिला संदल माहीम पोलीस ठाण्याचा असतो, बँड लावून, खाकी वर्दीत. मुंबईत पीर आणि पोलीस यांचं इतकं जमलेलं दुसरीकडे पाहिलं नाही.

मला जायचं होतं ते डिसोझा चाळीकडे. मुंबईतल्या भुतांची कुणीही यादी केली तरी ही चाळ त्यात असते. गोष्ट छोटी आहे. चाळीच्या आवारात विहीर होती, तिला कठडा नव्हता. एक बाई रात्री पाणी भरायला गेली आणि आत पडली. तिच्या हाका कुणाला ऐकू आल्या नाहीत. तेव्हापासून ती रात्री आवारात फिरते, उजाडलं की नाहीशी होते. कुणाला धरत नाही, कुणाला त्रास देत नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार दिवस छळत होतं. कोकणातली हडळ सूड घेते, वाट अडवते, पुरुषाला वेडं करते. ही बाई काहीच करत नाही, नुसती फिरते. चाळीत मेलेली बाई मेल्यावरही शेजाऱ्यांशी जमवून घेते, दुसरं काय. आणि गोष्ट सांगणारे भुतापेक्षा कठड्यावर जास्त थांबतात. प्रत्येकजण सांगतो: कठडा नव्हता हो. पंचनामा लिहावा तसं. मसानींच्या अर्जदारांची विहीर उघडी राहावी म्हणून धडपड होती. इथे नेमकं उलटं गाऱ्हाणं आहे, की वेळेवर बांधली नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. मी भीतभीतच विषय काढला. लोक सारखे येऊन हेच विचारत असतील, त्यांना वैताग येत असेल असं वाटलं. वैताग आला होताच.

“फोटो काढायचाय का? नाही ना? मग बसा,” त्या म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते. मला दिसली नाही. दिसली तर विचारणार आहे, बाई, एवढ्या रात्री पाण्याला कशाला गेलीस?”

“मग, काय सांगेल ती?”

“काय सांगणार! त्या वेळीच पाणी असणार. आमचा नळ आता पहाटे चारला येतो. चारला येऊन बघा तुम्ही, गल्लीत नुसत्या बायका. पांढरे गाऊन, मोकळे केस, हातात बादल्या. परवा खालच्या पोराने दार उघडलं नि मला बघून किंचाळला.”

मेथीच्या काड्या कागदात गुंडाळून त्या उठल्या. पंप चालू करायची वेळ झाली होती.